रेघेची जाडी

पहिला दिवस : नागपूर ते हिंगणघाट

भाऊजींच्या गाडीच्या डिकीत दोन घोंगड्या, पाण्याची कॅन, ताईने दिलेला तिळगुळाचा डबा आणि पन्नास मीटरचा टेप. टेप पाहून मला हसू आलं. "निवृत्त होऊन सहा वर्षं झाली भाऊजी, आता कोणाचा धुरा, कोणाचा बांध मोजता?" त्यांनी माझ्या झोळीकडे बोट दाखवलं. "मंग तुह्या झोळीत पेन्सिली कायले हायेत?"

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी भूकरमापक म्हणून केली. मी शाळेत चित्रकला शिकवली, गेल्या साली निवृत्त झालो. दोघांचाही धंदा रेघा मारायचाच, असं ताई म्हणते, फक्त एकाच्या रेघेवरून कोर्टकचेऱ्या होतात आणि दुसऱ्याच्या रेघेला पोरं खोडरबर लावतात.

या फेरीचं बी दिवाळीत पडलं. मी त्यांना मोबाइलवर फ्रान्सिस आलीस या मूळच्या बेल्जियमच्या कलाकाराचं एक काम दाखवत होतो. २००४ मध्ये हा माणूस तळाला भोक पाडलेला हिरव्या रंगाचा डबा हातात धरून जेरुसलेम शहरातून चालत गेला. २४ किलोमीटर चालला आणि ५८ लिटर रंग सांडला. रस्त्यावरून, उकिरड्यावरून, सैनिकांच्या समोरून एक बारीक हिरवी धार. १९४८ च्या लढाईनंतर इस्रायलचे सेनानी मोशे दायान यांनी शस्त्रसंधीच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली होती, तिच्यावरून तो चालला. नकाशाची स्केल १:२०,०००, पेन्सिल मेणाची, बोथट. रेघ पडली तीन-चार मिलीमीटर जाड.

मी रंगाबद्दल बोलत होतो, भाऊजी हिशेबात गुंतले. "म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर झाले की रे. त्या पट्ट्यात ज्याचं घर होतं, तो माणूस कोण्या देशात गेला?"

तो व्हिडिओ मी दहा वेळा तरी पाहिला असेल, वर्गात दाखवलाही होता. रेघेला जाडी असते हे पोरांना शिकवतच माझं आयुष्य गेलं, पण जाडीच्या आत कोणी राहतं हे डोक्यात आलं नव्हतं. भाऊजींचं पुढचं वाक्य त्याहून वरचं निघालं. "अन् तू दुनियेभरच्या सरहद्दी पाहून रायला. आपल्या बुडाखाली मोगलाईची सरहद्द होती, ती पाह्यली का कधी?"

मोगलाई म्हणजे जुना निजामाचा मुलूख. म्हणून संक्रांत झाल्यावर निघालो. नागपुरातून बाहेर पडताना झिरो माइलला दोन मिनिटं थांबलो. चार घोडे, मधला खांब, सेल्फी काढणारी दोन कॉलेजची पोरं. हा भारताचा मध्यबिंदू असं सगळे सांगतात. दगड १९०७ चा, सर्वेक्षणवाल्यांचा, समुद्रसपाटीपासूनची उंची धरण्यासाठी बसवलेला. भाऊजींनी त्याला हात लावून नमस्कार केला, जसा कोणी वडाला करावा. मला फोटो काढावासा वाटला नाही.

हिंगणघाटात काम वेगळं होतं. कापसाच्या गाड्यांची रांग, वणा नदीचं उतरलेलं पाणी, आणि गावात विल्यम लॅम्बटनची कबर. चार जणांना विचारलं. दोघांनी कपाशीच्या व्यापाऱ्याचं घर दाखवलं, तिसरा म्हणाला "तो इंग्रज काय?", चौथा स्वतः चालत आमच्यासोबत आला. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाची रेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, वाहून नेत तो उत्तरेकडे सरकत राहिला. तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना ते यंत्र आदळून वाकलं, तर स्वतः तंबूत बसून अनेक आठवडे ठोकून-घासून सरळ केलं. हैदराबादहून नागपूरला निघाला होता, तो २० जानेवारी १८२३ ला इथे हिंगणघाटात गेला. त्याच्यामागे एव्हरेस्टने काम उचललं आणि नाव डोंगराला लागलं त्याचं.

कबरीपाशी भाऊजी बराच वेळ उकिडवे बसले. "वीस वर्षं," म्हणाले, "एका रेघेसाठी." मला त्याच वेळी रॅडक्लिफ आठवला. तो ८ जुलै १९४७ ला पहिल्यांदा भारतात उतरला, पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगालवर रेघ मारली, आणि ती लोकांना कळली १७ ऑगस्टला, म्हणजे देश दोन झाल्यावर दोन दिवसांनी. लॅम्बटनच्या रेघेने एकही घर तोडलं नाही, आणि तिला लागली वीस वर्षं. हे बोलल्यावर भाऊजी म्हणाले, "मोजाले टाइम लागते बाप्पा. तोडाले काय लागते?"

मी दगडाच्या कडेवरची सावली तेवढी काढली. चित्र जमलं नाही.

दुसरा दिवस : हिंगणघाट ते वणी

वडनेर सोडलं की थोड्या वेळात वर्धा नदीचा पूल येतो. पुलावर एक पाटी, अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे यवतमाळ. ट्रकवाले वेगही कमी करत नाहीत. १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाला मिळाला. म्हणजे पन्नास वर्षं ही नदी नागपूरच्या आणि हैदराबादच्या राज्याची सीमा होती. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे आलं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर गेलं, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडलं. कागदावर मात्र वऱ्हाडचा मालक १९४८ पर्यंत निजामच. भाऊजींच्या भाषेत सांगायचं तर सातबारा एकाच्या नावाने आणि वहिती दुसऱ्याची.

करंजीच्या पुढे मारेगावच्या रस्त्याला एका शेतात थांबलो. पऱ्हाटीची दुसरी वेचणी चालू होती. बाया ओळीने, कमरेला ओट्या बांधलेल्या. शेजारच्या वावरात तुरीवर चंदेरी-लाल फिती ताणलेल्या, वाऱ्याने फडफडून कडकड आवाज करत होत्या. पाखरांसाठी आणि रोह्यांसाठी, म्हणजे नीलगाईंसाठी. एका काठीवर जुनी सीडी लटकवली होती, तिच्यावर कोणीतरी मार्करने डोळा काढलेला.

तो डोळा पाहून मी थबकलो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पोस्टकमॉडिटी नावाच्या मूलनिवासी कलाकारांच्या गटाने अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर, ॲरिझोनातलं डग्लस आणि पलीकडचं आग्वा प्रिएता या दोन गावांच्या मधून, असेच डोळे असलेले २६ मोठाले फुगे आकाशात सोडले होते. प्रत्येक फुगा दहा फूट व्यासाचा. पाखरं हाकलायला शेतात-बागेत जे डोळ्यांचे फुगे बाजारात मिळतात, त्यांचंच मोठं रूप. फुग्यांची रांग सीमेच्या बाजूने लावली असती तर कुंपण झालं असतं. त्यांनी ती सीमेला आडवी लावली, सुमारे सव्वातीन किलोमीटर, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. चार दिवसच होती, पण कायमचं काहीतरी शिवल्यासारखी दिसते ती फोटोत.

वावराच्या मालकाला मी हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पाखरं गेली का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याची स्वतःची तक्रार अशी की फिती पहिले आठ दिवस चालतात, मग रोही सरावतो आणि फितीच्या बाजूला उभा राहून खातो. रात्री जागल केल्याशिवाय इलाज नाही.

त्याच्या आणि चुलतभावाच्या मधला धुरा त्याने दाखवला. धुऱ्यावर आता बोरीचं एक झुडूप आणि हातभर गवत. "माह्या आज्याच्या टाइमले बैलगाडी जायची याच्यावरून." दोन्हीकडून दरवर्षी वखर थोडा थोडा आत जातो. याला इकडे धुरा कोरणं म्हणतात आणि कोणीही मी कोरला असं म्हणत नाही.

तिथेच बसून मी झरीनाचं छापाचित्र पुन्हा मोबाइलवर उघडलं. झरीना हाश्मी, १९३७ ची, अलीगढची, फाळणीनंतर घर पाकिस्तानात गेलेली. २००१ मध्ये तिने 'डिव्हायडिंग लाइन' नावाचं वुडकट केलं. कागदावर फक्त एक काळी वेडीवाकडी रेघ, भारत-पाकिस्तानची. शहरं नाहीत, नावं नाहीत. मी लिनोकट शिकवलेला माणूस, मला तिचे हात दिसतात. लाकडात काळी रेघ काढता येत नाही. रेघ ठेवायची असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं लाकूड कोरून काढावं लागतं. रेघेला धक्का न लावता, पटाशीने, चिरी-चिरी करत दोन्हीकडचा मुलूख उपसायचा. जे उरतं ती सीमा.

भाऊजींना दाखवलं. ते चित्राकडे आणि धुऱ्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. "इथं उलटं हाय," म्हणाले. "दोघं कोरतेत अन् धुराच संपते."

वणीत रात्री थंडी चांगलीच पडली. जेवणात वरण-रोडगे आणि वांग्याची भाजी. मुक्कामाच्या जागेबद्दल न लिहिलेलं बरं. गरम पाणी येईल म्हणून सांगितलं होतं.

तिसरा दिवस : वढा, राजुरा

खरं म्हणजे या एका जागेसाठी निघालो होतो. घुग्घुसजवळ वढा गावी पैनगंगा वर्धेला मिळते. गावात विठ्ठलाचं देऊळ आहे, यात्रेला मोठी गर्दी होते, आज मात्र काठावर एक धोबी, दोन म्हशी आणि आम्ही.

भाऊजींनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. आम्ही उभे होतो तो चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा काठ, जुना मध्यप्रांत. समोर दोन नद्यांच्या मध्ये जिभेसारखं निमुळतं टोक, ते वणीचं, वऱ्हाड. आणि डावीकडे पैनगंगेच्या दक्षिणेला राजुऱ्याचा मुलूख, तो आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाचा. मोगलाई. तीन राज्यकारभार एका पाण्यावर टेकलेले. तिन्ही काठांवर तीच काळी माती, तेच बाभळीचं रान, आणि क्षितिजाला कोळशाच्या खाणींनी उपसून टाकलेल्या मातीचे लांबच लांब ढिगारे. ते लॅम्बटनच्या वेळी नव्हते. या खोऱ्यातला डोंगर म्हणावा असा डोंगर आता माणसाने टाकलेलाच आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत समोरचं ते पाणी म्हणजे काय होतं, हा प्रश्न मी इतिहासाच्या एका सरांना पूर्वी विचारला होता. निजाम म्हणत होता मी स्वतंत्र. भारत सरकार तसं मानायला तयार नव्हतं. नोव्हेंबरमध्ये जैसे थे करार झाला, तो वर्षभरासाठी. म्हणजे पैनगंगा तेरा महिने आंतरराष्ट्रीय सीमा होती की नव्हती, याचं उत्तर कोणत्या काठावर उभे आहात त्यावर होतं. ज्यांना रझाकारांच्या भीतीने रात्री पाण्यात उतरून इकडे यावं लागलं, त्यांना विचारलं असतं तर सरहद्द कमरेएवढी होती.

जलरंगात नदी काढायला बसलो. पहिला हात दिला, पातळ निळा-करडा, कागद ओला, आणि वाळायची वाट पाहत चहा प्यायलो. पाहतो तर ओल्या रंगावर काळे कण बसलेले, मोहरीच्या शंभराव्या भागाएवढे. फुंकर मारली तर पसरले. ब्रशने उचलू गेलो तर रेघोट्या उठल्या. वारा घुग्घुसकडून होता. तीन कागद खराब झाले. चौथा तसाच राहू दिला, कोळशासकट. घरी आल्यावर पाहिलं तर सगळ्यात बरा तोच.

भाऊजी तोवर काठावर दगड शोधत फिरत होते. त्यांची खात्री होती की तीन हद्दी मिळतात तिथे दगड असलाच पाहिजे, "आमच्यात तिठ्ठ्याचा दगड सगळ्यात महत्त्वाचा." तासाभराने चिखलाने भरलेल्या बुटांनी परत आले, हात रिकामे. मी त्यांना मार्कोस रामिरेझ आणि डेव्हिड टेलर या जोडगोळीची गोष्ट सांगितली, एक मेक्सिकोतला, दुसरा अमेरिकेतला. मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा, १८२१ मध्ये, त्याची सीमा आजच्यापेक्षा खूप उत्तरेला होती. ती जमिनीवर कोणी कधीच आखली नाही. २०१४ मध्ये या दोघांनी गाडीत पत्र्याचे ४७ मनोरे भरले आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून आखाताच्या किनाऱ्यापर्यंत त्या विसरलेल्या रेघेवर ते उभे करत गेले.

"परवानगी कोणाची घेतली?" भाऊजींचा पहिला प्रश्न. आयुष्य सरकारी नोकरीत गेल्यावर तोच येणार. मग जरा वेळाने, "आपण इथं एक लावला तर?" आम्ही एक चपटा दगड उभा केला. त्यावर चुना नव्हता म्हणून मी पांढरा पोस्टर कलर फासला. म्हशीने तो आमच्या डोळ्यांदेखत पाडला.

दुपारी बल्लारपूरवरून पूल ओलांडून राजुऱ्यात. हा पूल म्हणजेही जुनी सरहद्दच, अलीकडे इंग्रजी, पलीकडे मोगलाई. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, मग नांदेड जिल्ह्यात गेलं, १९५९ मध्ये चांद्यात आलं. चहाच्या टपरीवर पंच्याऐंशीच्या पुढचे एक आजोबा भेटले. त्यांच्या आईचं माहेर नदीपलीकडचं. "आमची माय माहेरी निघाली की लुगड्याच्या पदराले दोन गाठी. एकीत कलदार, एकीत हाली. नदीच्या इकडं हाली चाले, तिकडं कोणी हात लावे ना." कलदार म्हणजे इंग्रजी रुपया, हाली म्हणजे निजामाचा. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार यावेत, असा साधारण भाव. आणि करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. नाक्यावर शिपायाने बोचकं सोडून दाखवायला लावलं की आजोबांची आई आधी पानाचा डबा पुढे करायची.

आजोबांनी बोलता बोलता आपल्या उपरण्याच्या टोकाला नकळत गाठ मारली होती. मी तेवढीच काढून घेतली, गाठ आणि बोटं. या सगळ्या प्रवासातलं ते एकच रेखाचित्र मी कोणाला दाखवतो.

चौथा दिवस : जिवती

गडचांदूरपर्यंत सिमेंटच्या गाड्यांमागून धूळ खात गेलो. मग घाट सुरू झाला आणि हवा बदलली. माणिकगडचा डोंगर, सागवान, मध्येच कोलामांच्या आणि गोंडांच्या वस्त्या, मोहाची झाडं. जिवतीला पोहे खाल्ले आणि पुढे निघालो.

या डोंगरावर चौदा गावं अशी आहेत की महाराष्ट्र म्हणतो आमची, आणि तेलंगणाही म्हणतो आमची. १९५६ मध्ये आदिलाबादमधून राजुरा तोडून इकडे दिलं, तेव्हा डोंगरावरून रेघ नेमकी कुठून जाते यावरचा हा वाद. शेजारच्या राज्याचं नाव हैदराबादचं आंध्र झालं, आंध्रचं २०१४ मध्ये तेलंगणा झालं, भांडण तेच राहिलं. इथे लोकांकडे दोन रेशनकार्डं, मतदार यादीत दोन्हीकडे नावं. दोन ग्रामपंचायती, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. बहुतेक लोक मराठी बोलणारे, मराठवाड्यातून येऊन इथे वसलेले. म्हणून वऱ्हाडी कानाला त्यांची बोली लगेच वेगळी लागते.

भाऊजी म्हणाले, "हे घे. जेरुसलेमचा साठ मीटरचा पट्टा विचारत होतो ना मी? हा पाहा." त्यांनी पेन्सिल उभी न धरता आडवी धरून नकाशावर ठेवली. तिच्या सावलीत दहा-बारा गावांची नावं झाकली गेली.

मराठी शाळेच्या ओट्यावर पोरं होती. मुंबईच्या शिल्पा गुप्ता शंभर लोकांकडून आठवणीने देशाचा नकाशा काढून घेतात आणि कोणाचेही दोन नकाशे जुळत नाहीत, तसलाच काहीतरी प्रयोग मनात होता. गुरुजींची परवानगी घेतली आणि सांगितलं, तुमच्या गावाचा नकाशा काढा. मला वाटलं होतं सीमा कुठे काढतात ते पाहू. एकानेही काढली नाही, आणि मी यावर भावुक होणार तेवढ्यात लक्षात आलं की त्यांनी सगळं दोन-दोन काढलंय. दोन शाळा, दोन पाण्याच्या टाक्या. चौथीतल्या एका मुलीने वर कोपऱ्यात आपलं नाव मराठीत लिहिलं आणि खाली तेलुगूत. "तेलुगूची बाई येते का शिकवायला?" विचारलं, तर म्हणाली, "भाऊ तिकडच्या शाळेत जातो, त्यानं शिकवलं." मग कंपासपेटीतून खोडरबर मागून तिने एक टाकी खोडली. "त्या टाकीत पाणी नाही येत."

निघताना एक म्हातारे शेतकरी आमच्या गाडीला आडवे आले. भाऊजी मोजणीखात्यातले आहेत ही बातमी आमच्या आधी गावभर गेली होती. भाऊजींनी घाईने सांगितलं की मी निवृत्त आहे, आणि राज्याच्या सीमेचं मला काही विचारू नका.

"ते दोन सरकारं बघून घेतील," म्हातारे म्हणाले. "तुमी माजा धुरा बघा."

शेत अर्धा किलोमीटर आत. भाऊजींनी विचारलं, टिपण आहे? नाही. सातबारा? पट्टाच मिळाला नाही अजून, कोणाकडूनच. "मग कागदाशिवाय मी कशावरून मोजू काका? आम्ही नकाशाच्या रेघेवरूनसुद्धा मोजत नाही. अर्ध्या मिलीमीटरची रेघ म्हणजे पाच हजारच्या स्केलवर अडीच मीटर होतात. टिपणातल्या आकड्यावरून मोजतो आम्ही."

म्हाताऱ्यांनी हात लांब करून दाखवलं. "त्या मोहापासून. मोहाच्या बुडापासून ह्या धोंड्यापर्यंत माजं, असं माज्या बापानं दाखवलं. भावकी म्हणती धोंडा सरकला."

धोंडा चांगला दोन माणसांना न हलणारा होता. सूर्य डोंगराला टेकलेला, गाडी घाटातून अंधारात न्यायची नाही असं ताईने बजावलेलं. भाऊजींनी घड्याळ पाहिलं, धोंड्याकडे पाहिलं, मग मला म्हणाले, "डिकीतला टेप आण." मी आणला. त्याचं कडीचं टोक माझ्या हातात देऊन ते मोहाकडे चालू लागले, म्हातारे त्यांच्यामागे. शेजारच्या वावरातून भावकीतले दोन जण डवऱ्याच्या दांड्यावर हात टेकून पाहत होते.

"घट्ट धर," भाऊजी लांबून ओरडले, "झोल येऊ देऊ नको."